माजी सासूबाईंबरोबर बेटावर

११ जानेवारी

पोचलो एकदाचे. बोटीत आम्ही दोघी, एक खोकणारा पोस्टमन आणि पुठ्ठ्यात बांधलेला एक फ्रीज. धक्क्यावर फ्रीजला घ्यायला चार माणसं आली होती. आम्हाला कुणी नाही!

हॉटेलात बावीस खोल्या, पाहुणे दोन. पोहण्याच्या तलावात पाणी नाही, तळाला वाळलेली पानं. अंगणातल्या खुर्च्या एकावर एक उलट्या रचून दोरीनं बांधलेल्या. मॅनेजर शिडीवरून उतरून आला, हाताला निळा रंग. खिडक्यांची दारं रंगवत होता. म्हणाला, "सीझन एप्रिलपासून असतो." म्हणजे तुम्ही वाट चुकलात का, असा एकंदर चेहरा.

रजिस्टर उघडून त्यानं विचारलं, "एकमेकींचं नातं?"

आई म्हणाल्या, "लिहा. सून."

"माजी," मी म्हटलं.

त्यानं दोन्ही लिहिलं.

स्वेटर काढून बॅगेत टाकला. आपल्याकडे लोक दात वाजवत असतील आणि इथे घाम! वारा मात्र अखंड. दारं धडधडतायत.

१२ जानेवारी

का आले मी? डिसेंबरात आईंचा फोन आला. "चल कुठेतरी गरम ठिकाणी जाऊ. माझे गुडघे धरलेत." मी हो म्हणून मोकळी. फोन ठेवल्यावर लक्षात आलं, घटस्फोटाला आठ महिने झाले, आता या बाई माझ्या कोण लागतात? आई म्हणायचं की काकू? तोंडाला आईच येतं. बावीस वर्षांची सवय.

लॅबमधून दहा दिवसांची रजा काढली. नऊ वर्षांत पहिल्यांदा एवढी. सर म्हणाले, "बरं आहे ना सगळं?" दातांचे डॉक्टर ठसे पाठवतात, मी कवळ्या करते, दातांच्या टोप्या करते. हात सतत मेणात नाहीतर प्लास्टरमध्ये. इथे हातांना कामच नाही. जेवताना समोरच्याचे दात बघत बसते. मॅनेजरचे वरचे दोन दात बसवलेले आहेत, रंग साफ चुकलाय. आईंची कवळी मात्र छान दिसते. मीच केलीय! लग्न मोडलं, कवळी शाबूत.

सकाळी बेटाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. पन्नास मिनिटं. दुपारी परत तेच. न्हाव्याचं दुकान तेवढं उघडं आहे. बाकी सगळीकडे कुलपं, आणि प्रत्येक कुलपाला प्लास्टिकची पिशवी बांधलेली, गंजू नये म्हणून.

१३ जानेवारी

बसवत नाही. वाचवत नाही. समुद्राकडे तरी किती बघायचं!

१४ जानेवारी

आईंच्या मनात काहीतरी आहे. नाश्त्याला म्हणाल्या, "तुला एक सांगायचं होतं—" मी मान वर केली, तर, "—इथली हवा मानवली बघ मला." हे काय सांगणं झालं?

दुपारी किनाऱ्यावर बसलो होतो. पुन्हा तसंच. "अगं, ऐक." मग वाळूत बोटानं रेघा मारायला लागल्या. त्र्याहत्तर वर्षांची बाई, पस्तीस वर्षं शाळेत गणित शिकवलं, पोरांना उभं करून उत्तरं काढून घेतली. आणि आता स्वतःचं वाक्य पुरं होईना!

मला वाटतं, चिरंजीव लग्न करतायत. (चिरंजीव हा त्यांचाच शब्द. लाड आले की नाव, राग आला की चिरंजीव. मी तो कायमचा उचललाय.) त्याची ती नवी नोव्हेंबरपासून त्या घरात राहायला आलीच आहे. करू देत लग्न. मला काय त्याचं! खरंच काही वाटत नाही. पण मग सांगा ना एकदाचं. ही टांगती तलवार नको.

संध्याकाळी पुन्हा पन्नास मिनिटं चालून आले. मॅनेजर शिडीवरून म्हणाला, "बाई, रस्ता झिजवाल."

१५ जानेवारी

भराभरा लिहितेय. अक्षर असंच येणार.

नाश्ता झाला. मॅनेजर बशा घेऊन आत गेला. आईंनी नॅपकिनची घडी घातली, उलगडली, परत घातली. आणि एका दमात बोलल्या, जणू रात्रभर पाठ केलं होतं.

"त्यानं तुला सांगितलं ना त्या मुलीबद्दल, त्याच्या दोन वर्षं आधीपासून मला माहीत होतं."

मला आधी समजलंच नाही. म्हटलं, काय माहीत होतं?

तर ऐक वही. एके दिवशी त्या गुडघ्याच्या डॉक्टरकडून लवकर परत आल्या. मी लॅबमध्ये. स्वयंपाकघरात नवी चहा करत होती. माझ्या पातेल्यात! आणि चिरंजीव ओट्यावर बसून पाय हलवत होते. "लहानपणी बसायचा तसा," आई म्हणाल्या. या बाईला तेवढ्यात ते दिसलं, पाय हलवणं! तो खाली उतरला आणि म्हणाला, "आई, हिला काही बोलू नकोस." हिला म्हणजे मला.

"आणि तुम्ही बोलला नाहीत."

"नाही."

"दोन वर्षं रोज माझ्यासमोर बसून जेवलात!"

"हो."

"मी तुमचे पाय चेपलेत त्या दिवसांत!"

"हो गं."

रडल्या नाहीत, माफी मागितली नाही. म्हणाल्या, "वाटलं, उतरेल हे भूत. न बोलता मिटेल. तो माझा मुलगा आहे, हे काही कारण नव्हे. पण दुसरं कारण नाही माझ्याकडे."

"मग हे घरी का नाही सांगितलं? इथे कशाला आणलंत मला?"

"घरी तू उठून निघून गेली असतीस. इथून बोट आठवड्यातून दोनदाच आहे."

कोंडलंय मला! त्र्याहत्तर वर्षांच्या बाईनं बेटावर आणून कोंडलंय! मी खुर्ची मागे लोटली. म्हटलं, "अहो बाई, मला तुमच्याशी एक शब्द बोलायचा नाही." बावीस वर्षांत त्यांना बाई म्हटलं नव्हतं.

तशीच धक्क्यावर गेले. लाल बावटा. तिकीटवाला खिडकीत कोडं सोडवत होता. "वारा बघताय ना? निदान तीन दिवस तरी बोट नाही." मी म्हटलं, मला जायचंच आहे. तो म्हणाला, "मग पोहावं लागेल."

दुपारी मॅनेजरकडे वेगळी खोली मागितली. त्यानं किल्ल्यांचा अख्खा जुडगाच पुढे केला. "कुठलीही घ्या." सगळ्यात लांबची घेतली. बावीस नंबर. इथे गाद्या गुंडाळलेल्या आहेत आणि नळाला आधी तांबडं पाणी आलं.

कळलं असतं तर मी एक दिवस राहिले नसते त्या घरात. एक दिवस! दोन वर्षं आयुष्यातली फुकट गेली, आणि ती ह्या बाईनं घालवली.

१६ जानेवारी

दोन टेबलं. ती खिडकीपाशी, मी भिंतीपाशी. (आजपासून ती. त्या-बित्या कुणी नाही.) मॅनेजर मध्ये उभा, हातात सूपचं भांडं.

"बाई विचारतायत, तुम्हाला झोप लागली का."

"सांगा, लागली."

तो सहा पावलं चालून जातो, सांगतो, परत येतो. "बाई म्हणतायत, बावीस नंबरला दुपारचं ऊन येतं, पडदा ओढून घ्या."

"सांगा, माझं मी बघेन."

तो जागचा हलला नाही. म्हणाला, "एक विचारू? तुम्ही दोघी सारखं माझ्याकडे बघून बोलताय. माझं काही चुकलं का?" बिचारा. मला हसू आलं, ते मी पावाबरोबर गिळलं.

वारा. धक्क्यावर दोनदा जाऊन आले. लाल बावटा. तिकीटवाल्याचं कोडं अजून सुटलेलं नाही. उभा सात, पाच अक्षरी. मला विचारलं. मी म्हटलं, मला काही माहीत नाही.

खोलीतल्या सगळ्या गाद्या उलगडल्या, झटकल्या, पुन्हा गुंडाळल्या. मग अठरा नंबरमधल्याही!

१७ जानेवारी

सकाळी मॅनेजर म्हणाला, "बाईंनी कालपासून नुसतं सूप घेतलंय. पाव बाजूला ठेवतात. चावता येत नाही म्हणाल्या. तुम्हाला सांगू नका असंही म्हणाल्या, पण सांगतोय."

मला काय त्याचं. लॅबमध्ये शंभर जणांच्या कवळ्या टोचतात. डॉक्टर बघतील.

कॉफी प्यायले. अर्धी टाकली. मग मॅनेजरकडून पॉलिश पेपर मागून घेतला, सगळ्यात बारीक, आणि तिच्या खोलीचं दार वाजवलं.

ती पलंगावर बसली होती. मी नुसता हात पुढे केला. तिनं तोंड फिरवून कवळी काढली आणि माझ्या तळव्यावर ठेवली. खालची. कोमट. डाव्या बाजूची कड लागत होती. वजन उतरलंय तिचं, हिरड्या बसल्यायत, लागणारच. खिडकीपाशी उजेडात बसून घासायला लागले. थोडं घासायचं, धुवायचं, बोट फिरवून बघायचं. तीन दिवसांत पहिल्यांदा हात शांत झाले माझे.

कवळीशिवाय तिचा चेहरा आत जातो. म्हातारी दिसते. एरवी दिसत नाही, हे माझंच काम.

बोळक्या तोंडानं काहीतरी म्हणाली. मला "तिथे" एवढंच कळलं. पुन्हा म्हणाली, सावकाश. "तिथे मला कुणी वाईट वागवत नाही. नवी बरी आहे. पण मी जेवायला बसले की मला तुझी खुर्ची दिसते."

कवळी धुऊन दिली. तिनं लावली, दात मिटून बघितले, मान हलवली. मी आले निघून.

जेवताना पाव खाल्ला तिनं. मी बघत नव्हते. दिसलं.

१८ जानेवारी

बावटा उतरला! उद्या सकाळी छोटी बोट सोडतायत. मी धावत गेले तर धक्क्यावर ही गर्दी. अडकलेले सगळे, आजारी माणसं, टोपल्या, पोस्टमन. आणि रांगेत पुढून चौथी कोण? ती! भर उन्हात, एक हात कठड्यावर, गुडघा वाकवून उभी. तिकीटवाला म्हणाला, त्या सकाळी सातला आल्यायत.

माझ्याकडे येऊन तिनं तिकीट पुढे केलं. "एकच जागा मिळाली. तू जा. मी बुधवारच्या बोटीनं येईन."

"तुम्ही एकट्या कशा याल?"

"फ्रीज आला ना एकटा?" म्हणाली आणि हळूहळू चालायला लागली. वाटेत दोनदा थांबली. मी मागे, दहा पावलांवर. पुढे जाववेना, शेजारी चालवेना.

बॅग भरली. स्वेटर वर ठेवला, उतरल्यावर लागेल. चला, सुटले. उद्या दुपारी घरी. परवा लॅब.

मग चैन का पडत नाही? सुटायचंच होतं ना मला? तिनं सांगितलं, मी चिडले, हिशेब पुरा झाला. चूक तिची आहे. सरळ सरळ तिची. जगात कुणालाही विचारा!

पाच वाजलेत. चालून येते.

१९ जानेवारी

बोट गेली. माझी जागा पोस्टमनला दिली.

वर लिहिलंय की कळलं असतं तर एक दिवस राहिले नसते. खोटं आहे ते. मला माहीत होतं. आईंच्याही चार महिने आधीपासून. एका संध्याकाळी तो ठशाची डबी घेऊन आला. "ऑफिसातल्या एकीचा आहे, पुढचा दात. डॉक्टर म्हणाले तुझ्याकडेच येणार होता, मी आणला. जरा लवकर कर." ती डबी त्यानं दोन्ही हातांनी धरली होती. माझी औषधंसुद्धा एका हातानं आणून टेबलावर टाकणारा माणूस! तेव्हाच कळलं. मी तीन दिवस खपून टोपी केली, इतकी सुंदर आधी कधी जमली नव्हती. आणि गप्प बसले. कुणाला सांगितलं नाही. या वहीलाही नाही.

नाश्त्याला आईंच्या टेबलावर जाऊन बसले. सगळं सांगितलं.

आईंनी हातातला नॅपकिन बाजूला ठेवला. मग म्हणाल्या, "दोन वर्षं तुला वाढताना मी मान वर केली नाही गं. आणि तू—"

"मी पण नाही," म्हटलं.