सोळा बारांसाठी मोड

३ मार्च
ठरलं. आमच्या हौशी बँडच्या एकवीसच्या कार्यक्रमात, शेवटच्या गाण्यात, सोळा बारांचा, म्हणजे तालाच्या सोळा आवर्तनांचा, गिटार सोलो माझा. खालच्या सुरांच्या बेस गिटारवर लेक. बावीसला ती नोकरीसाठी परगावी जाते, तेव्हा हे एकत्र वाजवणं शेवटचंच. अर्थात मोड निवडण्याशी त्याचा संबंध नाही. मोड म्हणजे स्वरांची मांडणी, आणि मांडणीवरून रस. हे शास्त्र आहे.
उद्यापासून रोज तासभर सराव.

७ मार्च
सराव नाही. आधी निर्णय, मग बोटं.
डोरियन: करुण, पण डोळे पुसून आलेला. एओलियन: करुण, नाक ओढणारा. फ्रिजियन: दारात कुणी अनोळखी उभं असल्यासारखा.
बायको म्हणाली, पोरगी चाललीय, रडकं कशाला वाजवतोस? संस्कृत शिकवणाऱ्याशी लग्न करून तीस वर्षं झाली, रसचर्चा अजून अंगी लागलेली नाही.

११ मार्च, तालीम
सोलो आला तेव्हा मी डोरियन आणि फ्रिजियनच्या मधोमध होतो. त्यामुळे वाजवला नाही. ड्रमवर आमचे दातांचे डॉक्टर. म्हणाले, मास्तर, माझे पेशंटसुद्धा तोंड उघडायला एवढा वेळ घेत नाहीत. पुढच्या तालमीत झाला नाही तर सोलो कीबोर्डला.
कीबोर्डला! बटण दाबलं की रस निघतो अशी त्या गृहस्थाची समजूत आहे.

१४ मार्च
फ्रिजियन पक्का. गंभीर, कोरडा. लेकीला ऐकवला. ती बेसवर ई हा सूर धरून होती, तो सोडून तिने त्याच्या वरचा एफ धरला. म्हणाली, आता तेच वाजव. सूर तेच, पण खोलीच्या खिडक्या उघडल्यासारखं झालं. म्हणाली, बघ, लिडियन झालं. मूड खालून ठरतो बाबा. तू बिनधास्त वाजव, मी आहे ना खाली.
पटलं नाही. तळमजल्यावरच्या भाडेकरूने आमच्या घराचं बारसं करावं, तशातली गत.
पुन्हा डोरियनचा विचार.

१८ मार्च, तालीम
एक साधी स्केल चढलो, उतरलो. तात्पुरती. डॉक्टर म्हणाले, चालेल. सोलो वाचला.
लेकीच्या खोलीत बॅग उघडी पडलीय. तिकडे गेलो नाही. मोडचा विचार चालू होता.

२१ मार्च
सकाळ: डोरियन. अंतिम.
दुपार: फ्रिजियन.
पडद्यामागे: डोरियन. बोटं गार पडलीत. एसी फार.

२२ मार्च
काल दिवा माझ्यावर आला. पहिला सूर कोणता, हे ठरवताना लेकीकडे पाहिलं. ती हसली. तेवढ्यात चार बार गेले. मग तीच बेसवर वाजवत सुटली, थेट सोळाव्यापर्यंत. टाळ्या थांबेनात. डॉक्टरांनी मिठीच मारली: स्वतःचा सोलो लेकीला देऊन टाकलात, मास्तर, मोठं मन लागतं! म्हटलं, आधीच ठरवलं होतं.
आज स्टेशनवर डब्याच्या दारातून ती म्हणाली, खरं सांग बाबा, शेवटी कोणता ठरला होता?
डोरियन म्हणणार होतो. घशातून जे निघालं, ते कुठल्याच मोडमध्ये बसत नव्हतं.
बायकोने रुमाल पुढे केला. म्हटलं, सर्दी आहे. परवापासूनच आहे.