एक जूनचा मुकुंद

रावपुरा, बडोदे
२ सप्टेंबर १९८५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझी राखी अजून मनगटावर आहे. गोलकीपरचे हातमोजे घालताना टोचते, पण काढवत नाही. भाऊजींना म्हणावं, मी चेंडूमागे धावत नाही, चेंडूच माझ्याकडे येतो.

आता मोठी बातमी. आमच्या क्लबला नोव्हेंबरात ढाक्याला बोलावलंय. भारत, बांगलादेश, नेपाळ आणि श्रीलंका, प्रत्येक देशाचा एकेक तरुण क्लब. गोलमध्ये मी. क्लबातल्या भाईबंदांना लारीवर, हातगाडीपाशी उभं करून, सेवउसळ खाऊ घातली, वर शेवही मागून घेतली.

पण एक अडचण आहे. जन्म १ जानेवारी १९६५ च्या आधीचा नको, असा नियम आहे. मी त्रिपुरी पौर्णिमेचा, नोव्हेंबर पासष्टचा. नगरपालिकेच्या नोंदीतही तेच आहे. शाळेच्या दाखल्यात मात्र १ जून १९६४. मला लवकर पहिलीत बसवायला नानांनी ती तारीख घातली, हे तुला माहीत आहे. सेक्रेटरी म्हणाले, वडिलांनी कोर्टात सोगंदनामा, म्हणजे शपथपत्र, करून शाळेतली तारीख चुकीची सांगितली होती एवढं लिहून दिलं की काम झालं. पंचवीस तारखेच्या आत.

नानांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि उठून फिरायला गेले. चार दिवस तेच चाललंय. तुझं ते ऐकतात. तू लिही.

लोभ आहेच, या महिन्यात थोडा जास्त लागेल.

तुझा
मुकुंद

---

नाशिक
९ सप्टेंबर १९८५

तीर्थरूप नानांस,
बालके नलिनीचा शि. सा. नमस्कार वि. वि.

इकडे सगळे खुशाल. आईच्या गुडघ्याला तेल लावायला विमलमावशी येते का, ते कळवावे.

मुकुंदाचं पत्र आलं. नाना, मी तुम्हाला शिकवायला धजणार नाही, पण आठवण देते. मुकुंदाचं नाव शाळेत घातलं त्या दिवशी मी दहा वर्षांची होते आणि तुमच्या शाळेच्या कचेरीत बाकावर बसले होते. तुम्ही हेडक्लार्क. रजिस्टर तुमच्यासमोर, टाक तुमच्या हातात. तारीख लिहिण्याआधी तुम्ही थांबलात, माझ्याकडे पाहिलंत आणि मग लिहिलंत. घरी येताना लहरीपुऱ्यात मला रिबिनी घेऊन दिल्यात. मी आजवर कोणाला बोलले नाही.

कोणाचं वाईट व्हावं म्हणून तुम्ही ते केलं नाही. आज फक्त तसं लिहून द्यायचं आहे. पोरानं सहा वर्षं पहाटे मैदानावर गुडघे फोडून घेतलेत, आणि त्याच्या हातून काही खोटं झालेलं नाही. त्याची ढाक्याची वाट तुमच्या एका सहीवर अडली आहे.

चुकलं माकलं क्षमा करावी. आशीर्वाद असू द्यावा, आणि सही मुकुंदाला.

आपली
नलू

---

रावपुरा, बडोदे
१७ सप्टेंबर १९८५

चि. सौ. नलूस,
अ. उ. आ.

पत्र पावले. विमल एक दिवसाआड येते. तुझ्या आईचा गुडघा बरा आहे.

रिबिनींची गोष्ट तू काढायला नको होतीस.

एकतीस वर्षे ते रजिस्टर माझ्या हाताखाली होते. कितीजण मुलांच्या तारखा मागेपुढे करून मागायला आले. आपल्या शेजारचे उदयसिंहराव तर दोन महिन्यांसाठी हात जोडून उभे राहिले होते. मी त्यांना पायरीवरून परत पाठवले. त्यांचा मुलगा वर्षभर घरी बसला. आजही ते मला रस्त्यात आधी नमस्कार करतात. आता मी कोर्टात जाऊन लिहून देऊ, की या दत्तात्रेयाने स्वतःच्या घरी मात्र हवे ते केले? चार दिवसांत साऱ्या रावपुऱ्यात बोभाटा होईल.

मुलाचे वय खरे करण्यासाठी बापाला खोटे ठरवायचे, हे मला जमणार नाही. स्पर्धा काय, येतात आणि जातात. वर्षभरात तो विसरेल. त्यालाही मी हेच सांगितले आहे.

जावईबापूंस आशीर्वाद. या विषयावर पुन्हा लिहू नये. बाकी सर्व लिहीत जावे.

तुझे
नाना

---

रावपुरा, बडोदे
२८ नोव्हेंबर १९८५

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझ्या तीन पत्रांना उत्तर दिलं नाही. लिहिण्यासारखं काही नव्हतं.

टीम ढाक्याहून परत आली. फायनलला पेनल्टीवर हरले. माझ्या जागी गेलेला अविनाश पाचही वेळा उजवीकडे झेपावला. मी त्याला हसलो नाही, ताई, रागही आला नाही. स्टेशनवर त्याची बॅग उचलून दिली आणि घरी येऊन झोपलो. पुढची स्पर्धा दोन वर्षांनी. तेव्हा माझी खरी तारीखही चालणार नाही.

काल त्रिपुरी पौर्णिमा. आईनं दरवर्षीप्रमाणे पाट मांडला, शिरा केला, ताटात निरांजन, सुपारी, सगळं. मी बसलो. तेवढ्यात नानांनी आतून एक कागद आणून ताटाशेजारी ठेवला. सोगंदनामा. सही, शिक्का, सगळं. तारीख अठरा नोव्हेंबरची, म्हणजे ढाक्यातली फायनल झाली त्याच्या दुसऱ्या दिवसाची. कोर्टात एकटेच गेले होते म्हणे. येताना उदयसिंहरावांच्या घरी जाऊन त्यांनाही सांगून आले. आई म्हणाली, तेव्हापासून ते धड जेवलेले नाहीत.

तू म्हणशील, तेवढ्यावर मी त्यांच्या पाया पडायला हवं होतं. मला जमलं नाही. वाईटही वाटलं आणि संतापही आला, आणि संताप जास्त होता. मी पाटावरून उठलो. आईला म्हटलं, यापुढे माझं औक्षण एक जूनला कर. या घरात कागदावरची तारीखच खरी धरतात.

नाना कागदाची घडी घालून आत गेले. निरांजन विझेपर्यंत आई ताट हातात धरून उभी होती. शिरा सकाळी गाईला घातला.

नानांना तू पत्र लिही. मला लिहू नकोस असं नाही, पण आधी त्यांना लिही. लोभ असू दे, इतकंच म्हणतो. वाढव म्हणायचं धैर्य आज नाही.

तुझा, कागदावर एकवीस पूर्ण झालेला,
मुकुंद