चौदा नंबरचा शर्ट

स्लाऊ,
२५ जानेवारी २००९

चि. सौ. सुचेतास,
अ. उ. आ. वि. वि.

तुम्ही दोघं पुण्याला नीट पोचलात हे स्वरालीने सांगितलं. तू दोनदा फोन केलास, पण कानातलं यंत्र फोनजवळ नेलं की शिट्टी मारतं आणि मी आपली नुसती हो हो करत बसते. म्हणून हे पत्र. मला ई-मेल शिकवण्यात आमच्या रवीने दोन सुट्ट्या घालवल्या. आता तो दमला.

तुझी लेक रवीच्याच खोलीत आहे. तो कार्डिफच्या हॉस्पिटलात लागल्यापासून खोली रिकामीच होती. पोरगी शहाणी आहे, पण पोळीचा पहिला घास घेताना डोळे मिटते, तेव्हा तुझी आठवण काढत असावी. तुझ्यासारख्या मऊ पोळ्या माझ्याकडून होत नाहीत, हेही कारण असेल.

तू फ्रिजवर लावून गेलेला कागद जागेवर आहे. रोज दोन तास केमिस्ट्री, साडेदहाला झोप, जूनच्या परीक्षेपर्यंत फुटबॉल बंद. खाली तिची सही, गिरीशला शब्द दिला म्हणून.

आता एक सांगायचं. बुधवारी ती कॉलेजातून तिच्याएवढी पिशवी ओढत घरी आली. आत मुलींच्या टीमचे चौदा शर्ट, बहुतेक चिखलाने माखलेले. मॅच झाली की दर आठवड्याला एकीच्या घरी ते धुवायची पाळी असते म्हणे. जूनपर्यंतच्या सगळ्या पाळ्या हिने मागून घेतल्यात. मी डोळे वटारले, तर म्हणाली, मावशीआजी, बाबांनी खेळू नको म्हटलंय, धुऊ नको असं कुठे म्हटलंय? उत्तर तुझ्या वळणावर गेलंय, यात शंका नाही.

गिरीशच्या कामाचं काय झालं ते लिही. पत्र उशिरा आलं तरी चालेल, पण यावं.

तुझी,
सुप्रभामावशी

*

पुणे,
३ फेब्रुवारी २००९

ती. सुप्रभामावशींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं. गिरीशने पाकिटावरचं तुमचं अक्षर ओळखलं आणि आतलं मात्र मला वाचायला सांगितलं. तुम्ही त्याची सख्खी मावशी, त्याच्या आईच्या मागे त्याला उरलेलं एकच माहेर. स्वरालीला तुमच्याकडे ठेवताना म्हणूनच मला दोनदा विचार करावा लागला नाही.

तिथलं प्रोजेक्ट बंद झालं तसं कंपनीने याला परत बोलावलं, पण इथे अजून काही दिलेलं नाही. रोज डबा घेऊन ऑफिसात जायचं आणि बसून यायचं. घरी आला की गॅलरीत उभा राहतो. खाली मुलं काहीतरी खेळत असतात, तिकडे पाठ करून.

मावशी, तुमच्या त्या पिशवीने माझी झोप उडवली. पिशवी घरी येते म्हणजे ही मैदानावर जाते. जाते म्हणजे खेळते. नाताळच्या आधी त्यांनी सातापैकी सहा मॅच जिंकल्या, त्या सगळ्यांत ही डावीकडून बचावाला होती. डिसेंबरच्या चाचणीत केमिस्ट्रीत ई आला, तेव्हा गिरीशने शब्द मागितला. रविवारी फोनवर विचारलं की म्हणते, नाही खेळत. फोनवर चेहरा दिसत नाही. सतरा वर्षांच्या मुलीने एवढं आवरलं असेल यावर माझा विश्वास बसत नाही. मी स्वतः त्या वयात आवरलं नसतं.

तिला वाईट वाटतं हे मला कळतं. जुलैअखेर व्हिसा संपला की ती इकडे येणार, मग कसली ती टीम आणि कसल्या त्या मैत्रिणी. पण मार्क तिला जन्मभर लागतील. तुम्ही लक्ष ठेवा, आणि रागावू नका, पण तिला पाठीशी घालू नका.

तुमच्या गुडघ्यांना थंडीत जपा. माझ्यावर लोभ आहेच, तो सध्या माझ्या लेकीवर खर्च करावा.

आपली,
सुचेता

*

स्लाऊ,
१५ फेब्रुवारी २००९

चि. सौ. सुचेतास,
अ. उ. आ. वि. वि.

इथे अठरा वर्षांत पडला नव्हता एवढा बर्फ पडला. बसगाड्या बंद, शाळा बंद, शेजारच्या शीख आजोबांनी अंगणात पगडीवाला स्नोमॅन केला. त्या बुधवारी मॅच झाली नाही. म्हणजे सीझन एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबणार.

तू मला लक्ष ठेवायला सांगितलंस. मैदानापर्यंत पळत जाणं काही माझ्या गुडघ्यांना जमायचं नाही. पण मी बावीस वर्षं इथल्या हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली आहेत, हे तू विसरलीस. माणूस मला फसवेल, कपडा फसवत नाही.

तर ऐक. चिखल ओला असताना धुवायचा नसतो. मी शर्ट रात्रभर वाळू देते, सकाळी ब्रशने झाडते, मग थंड पाण्यात भिजवते. झाडताना एकेक शर्ट हातात येतो. त्यातल्या एकीचंही तोंड मी पाहिलेलं नाही, पण सगळ्या मला ठाऊक आहेत. एक नंबरची गोलकीपर नेहमी उजव्या अंगावर पडते. सहा नंबर बाहीला नाक पुसते. नऊ नंबर पडतच नाही, तीच गोल करत असणार आणि तिलाच सगळ्यात जास्त मिजास असणार. तीन नंबर पाठीवर चिखल आणते, कारण ती स्वरालीच्या जागेवर खेळते आणि तिला घसरून चेंडू काढता येत नाही. हे शेवटचं स्वरालीने सांगितलं, न विचारता.

आणि चौदा नंबर. तो तुझ्या मुलीचा. टीममध्ये मोजून चौदाजणी, म्हणून नाव यादीत असावं लागतं आणि शर्ट घालून कडेला बसावं लागतं. सुचेता, तो शर्ट मी जशी घडी घालून देते, तसाच परत येतो. त्याला माझ्या साबणाचा वास असतो, घामाचा नसतो. फक्त दोन्ही बाह्यांची टोकं चुरगळलेली असतात. बसल्या बसल्या मुठीत धरत असावी.

तुझ्या पोरीने शब्द पाळलाय. मी तो धुतलाय, म्हणून सांगते.

रागावले नाही. आई आहेस, तुला संशय यायचाच. पण आता तिच्याशी जरा गोड बोल.

तुझी,
मावशी

*

पुणे,
२४ फेब्रुवारी २००९

ती. मावशींस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र मी गिरीशला मोठ्याने वाचून दाखवलं. चौदा नंबरचा मजकूर त्याने पुन्हा वाचायला लावला. मग उठून गॅलरीत गेला. त्याने कुंड्यांना पाणी घातलं, ते मी सकाळीच घातलेलं होतं.

मला माझीच लाज वाटली. इतक्या लांबून मी तिच्या पिशवीवर पाळत ठेवत होते, आणि ती तिकडे बाह्या मुठीत धरून बसली होती.

तुम्हाला म्हणून सांगते. केमिस्ट्री हे खरं आहे, पण सगळं खरं नाही. स्वरालीला चेंडू मारायला गिरीशने शिकवलं, सॉल्ट हिल पार्कमध्ये, ती दहा वर्षांची असताना. आम्ही तिथे नवे होतो आणि त्यालाही कुणी मित्र नव्हते. तेव्हापासून तिच्या एकाही मॅचला तो हजर नाही असं झालं नाही. बुधवारी दुपारी ऑफिसातून निघायला काय काय थापा मारायचा! मैदानाच्या कडेला तोच एक छत्री घेऊन उभा असायचा. तिच्या टीममधल्या मुलींनी त्याचं नाव अम्ब्रेला-डॅड ठेवलं होतं. आता ती तिथे खेळणार आणि हा इथे गॅलरीत, हे त्याला झेपलं नसतं. हे त्याने मला सांगितलेलं नाही. वीस वर्षांच्या संसारात काही गोष्टी तुमच्या धुण्यासारख्या झाल्या आहेत, न सांगता कळतात.

पण शब्द त्याने घेतलाय. त्यातून मी तिला सोडवलं, तर ती मानणार नाही. ती त्याची मुलगी आहे.

नऊ नंबरची मिजास अगदी खरी, मी तिला पाहिलंय. तुम्ही अशाच पारखत राहा, आणि आम्हालाही.

आपली,
सुचेता

*

स्लाऊ,
९ एप्रिल २००९

चि. सौ. सुचेतास,
अ. उ. आ. वि. वि.

जानेवारीच्या पेपरचा निकाल फोनवर कळलाच असेल. केमिस्ट्रीत बी. मी शिरा केला, तिने तीनदा घेतला.

टीम जिंकते आहे. मार्चभर शर्ट घरी आले की कोण जिंकलं ते विचारावंच लागत नसे. हरलेल्यांचे शर्ट पिशवीत कोंबलेले असतात, जिंकलेल्यांचे फेकलेले. आता शेवटची एकच मॅच राहिली, २९ तारखेला, बुधवारी. ज्या कॉलेजशी आहे, ते यांच्यापेक्षा एकाच गुणाने पुढे आहे. जिंकलं तर चॅम्पियन, नाहीतर दुसरा नंबर.

काल पिशवी आली आणि तीन नंबरचा शर्ट कात्रीने खांद्यापर्यंत कापलेला निघाला. हॉस्पिटलच्या लाँड्रीत कापलेला कपडा आला की आम्ही बायका त्या माणसासाठी हात जोडत असू. जेमा नावाची ती मुलगी, पडून तिचं गळ्याजवळचं हाड मोडलं. हळूहळू बरी होईल, पण महिनाभर खेळणं नाही. एकीने मार्चमध्ये कॉलेज सोडलं, एकीला काविळीसारखं काहीतरी झालंय. चौदातून तीन गेल्या. स्वरालीला धरून बरोबर अकरा उरल्या. तिला वगळलं, तर दहा जणींनी उतरायचं.

तिने कुणाकडे काही मागितलेलं नाही. शिक्षिकेने विचारलं, तर म्हणाली, मला घरून परवानगी नाही. एवढंच. काल मी तीन नंबरची बाही शिवत होते, तर शेजारी बसून केमिस्ट्री करत होती. अर्धा तास पान उलटलं नाही. तुम्हाला कळवू नको म्हणून मला शपथ घातली आहे. माझ्या वयाच्या बाईला कुणाची शपथ लागत नाही, म्हणून कळवते.

मी तिची वकिली करत नाही. धुण्यात जे आलं ते लिहिलं. पुढचं गिरीशने ठरवावं. पत्राला आठ दिवस लागतात, हे मोजून ठरवावं.

तुझी,
मावशी

*

पुणे,
१९ एप्रिल २००९

चि. स्वरालीस,
अनेक आशीर्वाद.

बाबाचं पत्र बघून घाबरू नकोस. आई बरी आहे, मीही बरा आहे. फोनवर बोललो असतो, पण फोनवर आपण दोघं जेवलीस का, जेवलो, याच्या पुढे जात नाही. शिवाय तू म्हणाली असतीस, इट्स ओके बाबा, राहू दे. आणि मी राहू दिलं असतं.

फ्रिजवरच्या कागदावरची शेवटची ओळ मी मागे घेतो आहे. हे पत्र मावशीआजीला दाखव आणि तिच्यासमोर ती ओळ खोड. केमिस्ट्रीच्या ओळीला हात लावू नकोस.

शब्द मागताना मला वाटलं होतं, तू चार दिवस रुसशील आणि एक दिवस मोडशील. तू मोडला नाहीस. तो एवढा जड असेल, याचा मी विचार केला नव्हता.

चार महिने सवय नाही, तेव्हा सुरुवातीला दम लागेल. पहिली दहा मिनिटं चेंडू जवळच्या जवळ दे, हिरोगिरी नको. आणि एक. थ्रोच्या वेळी, कडेवरून चेंडू हातांनी आत फेकताना, मागे वळून बघायची तुला खोड आहे, मी आहे ना ते. या वेळी मी नसेन. वळू नकोस. पुढे बघ.

आई म्हणते, तिचाही आशीर्वाद लिही. लिहिला.

तुझा,
बाबा

*

स्लाऊ,
३ मे २००९

चि. गिरीश व चि. सौ. सुचेतास,
दोघांना मिळून अ. उ. आ. वि. वि.

निकाल तुम्हाला फोनवर त्याच दिवशी कळला. तुमच्या लेकीने किंचाळून सांगितला, तो यंत्राशिवाय मलाही ऐकू आला. म्हणून बाकीचं लिहिते.

गिरीश, तुझं पत्र सोमवारी आलं, मॅचच्या दोन दिवस आधी. तिने ते जिन्यात उभ्यानेच वाचलं. मग माझ्याकडून पेन घेतलं, पट्टी घेतली, आणि ती ओळ पट्टी लावून सरळ खोडली. नंतर बाथरूममध्ये जाऊन बराच वेळ नळ सोडून बसली.

मी गेले मॅचला. आमच्या शीख शेजाऱ्याने गाडीतून सोडलं, घडीची खुर्ची दिली. वाऱ्याने यंत्र इतकं शिट्ट्या मारायला लागलं, की मी ते काढून पर्समध्ये ठेवलं. म्हणजे सगळी मॅच मी आवाजाविना पाहिली. मुली मैदानात आल्या, तेव्हा सगळ्यांचे शर्ट माझ्या हातचे, स्वच्छ, आणि मला एकही ओळखू येईना. पंधरा मिनिटांत चिखल लागला, तशा एकेक करून ओळखीच्या झाल्या.

स्वरालीला खरोखरच दम लागला. पहिला गोल आपल्यावर झाला, तो तिच्याच बाजूने. ती मांड्यांवर हात टेकून उभी राहिली, तेव्हा मला वाटलं, कशाला लिहिलं मी ते पत्र. त्यानंतर मात्र तिच्या बाजूने कुणी गेलं नाही. नऊ नंबरने दोन गोल केले. तिची मिजास मी माफ केली. शेवटी शेवटी चेंडू आपल्या गोलकीपरच्या अंगावरून गेला, गोलात जाणारच होता, तर ही कुठून तरी आडवी घसरत आली आणि पायाने बाहेर काढला. जेमा माझ्या शेजारी हात गळ्यात बांधून उभी होती. तिने दुसऱ्या हाताने माझा खांदा एवढा हलवला, की तो अजून दुखतोय.

गिरीश, थ्रोच्या वेळी तिने मागे पाहिलं. एकदाच. मी खुर्चीतून उठून उभी राहिले. ऊन होतं, तरी छत्री उघडून उभी राहिले.

दुसऱ्या दिवशी ती सहा वाजता केमिस्ट्री घेऊन बसली. मी धुणं घेऊन बसले. शर्ट कॉलेजला परत केले. चौदा नंबर तिला ठेवायला दिलाय, सगळ्या त्यावर सह्या करून देणार होत्या, मी म्हटलं, शाईचे डाग निघत नाहीत, कागदावर करा.

तिथल्या नव्या कामाचं काय ते कळव. आम्ही दोघी मजेत आहोत, तुम्ही दोघं एकमेकांना जपा, म्हणजे मला आणखी काही मागायचं नाही.

तुमची,
सुप्रभामावशी

ता. क. सुचेता, चौदा नंबर दोनदा भिजवावा लागला. डाव्या खांद्यावर तळहाताएवढा गवताचा डाग राहिलाय. बावीस वर्षांत मी असा डाग कधी सोडला नव्हता. जुलैत तो शर्ट पुण्याला येईल. तू काढायला जाऊ नकोस, आधी गिरीशला दाखव.