पिवळा टिपका

सोमवार, ९ मार्च

दातांच्या डॉक्टरीणबाईंची लाल दोन दारांची गाडी आली. बाईंना ती अजून खाली, रस्त्यालगत बसवून हवीय! चाकांचे नवे शॉक-अ‍ॅब्सॉर्बर स्प्रिंगसकट आलेत, चकाचक. अंगावर आटे, रिंग फिरवली की गाडी खाली-वर. फिरवत बसलो. मामा म्हणाले, "खेळून झालं असेल तर पाना धरा, साहेब."

मामा सगळ्या गॅरेजचे मामा. माझे चार महिन्यांपासून. इतका मी कुठेच टिकलो नाही.

मंगळवार, १०

डावी बाजू माझी, उजवी मामांची. शॉक बसले, दोन्हीकडे उंची सारखी केली. खालचा बोल्ट मात्र गाडी जॅकवर असताना नुसता अडकवायचा. चाकं टेकली, वजन आलं, की मग कसायचा — नाहीतर आतलं रबर पिळवटतं. कसला की डोक्यावर पिवळा टिपका. टिपका दिसला की विषय संपला, पुन्हा कोणी पाना लावत नाही.

ब्रश ओलाच होता. मी दोन्ही टिपके आधीच देऊन टाकले. डबी परत कोण उघडणार!

गाडी खाली घेतली. तेवढ्यात दारात मोटारसायकलवाला, मागे सामान बांधलेलं. समुद्राकडे कसं जायचं म्हणे. नकाशाच काढून दिला. परत आलो तर मामा विचारतात, "झालं ना रे?"

"झालं."

बाई गाडी घेऊन गेल्या. रविवारी वडिलांना घेऊन घाटात जाणार आहेत.

बुधवार, ११

मागच्या चाकाचा बोल्ट कसला. पुरतं घट्ट झालं की टॉर्क पाना करतो तो 'टक्' कानात आहे. पुढचा?

पुढचा कसला का मी??

गुरुवार, १२

उद्या सांगतो.

शुक्रवार, १३

नाही सांगितलं. पिशवी भरली. निघून जाणं मला छान जमतं. मोटारसायकलवाला पोचला असेल समुद्रावर.

मामांनी माझ्यासाठी बूट आणलेत. बरोब्बर मापाचे! माप घेतलं कधी म्हाताऱ्याने? बुटांकडे बघवत नाही.

शनिवार, १४

सांगितलं. मामांच्या हातात चहा होता. कप खाली ठेवला. ओरडले असते तर बरं झालं असतं. "चार दिवस गप्प बसलास?" एवढंच. लगेच बाईंना फोन — गाडी हलवू नका, आम्ही येतोय.

त्यांच्या अंगणात मी स्टिअरिंग वळवून चाकाआड आडवा झालो. माझा पुढचा बोल्ट. पाना लावला — टक्! घट्ट! कसला होता मी! हसूच फुटलं.

आलोच आहोत तर उजवीकडचेही बघू म्हटलं. मामांचा पुढचा. टिपका सुबक, मधोमध. नट दोन बोटांनी फिरला.

पायरीवर मामा बाईंना सांगत होते, "पोरगं धांदरट आहे, पण खोटं नाही पचत त्याला."

कसला. टक्. बाहेर आलो.

"सापडला?"

"सापडला, मामा. माझाच होता."

रविवार, १५

पिशवी रिकामी केली. बूट घातले. यापुढे मामांची पाठ वळली, की त्यांच्या प्रत्येक टिपक्यावर पाना लावायचा.