राखाडी मोजा

प्रिय वन्सं,

मुचानेता जगला. बसमध्ये चढतानाही तुम्ही मागे वळून "वहिनी, कुत्र्याचं कळव गं" म्हणालात, म्हणून आधी हेच लिहिते.

तो पायरीवर झोपलाय. टाके चाटू नयेत म्हणून गळ्यात तळ कापलेली बादली अडकवलीय. शेजारच्या भोचक मिसेस गुंबोंना ऐकू जावं म्हणून तुमच्या भावाने कुत्र्याचं नाव मुचानेता, म्हणजे 'थकाल तुम्ही', ठेवलं. त्याच आज कुंपणावरून ओरडल्या, "थकलीस की गं तूच!" आणि मग त्याच्यासाठी हाडांचं पाणी देऊन गेल्या. खरंच थकलेय. चार दिवस धड झोप नाही, पण थकवा त्याआधीचा आहे.

ऑगस्टमधला, ह्यांच्यामागे ह्यांचे कपडे नातलगांत वाटण्याचा दिवस आठवतो? चटईवर तुम्ही बसला होतात. मी ह्यांचे कोट, शर्ट, टोप्या एकेक करून पुढे ठेवत होते. रीतीप्रमाणे बायकोने मागे काही ठेवायचं नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं. गारिकाई भावजींच्या वाट्याला राखाडी लोकरी मोजा आला, एकच. तुम्ही विचारलंत, "दुसरा कुठंय?" मी म्हटलं, "कुत्र्याने खाल्ला असेल." सगळे हसले. ह्यांच्या जाण्यानंतर त्या घरात पहिल्यांदाच कोणी हसलं होतं.

मंगळवारी मुचानेता ओकायला लागला तेव्हा तुम्ही इथेच होतात. मिसेस गुंबोंचं ऐकून मी त्याला मिठाचं पाणी पाजलं, त्यावर प्राण्यांचे डॉक्टर चिरांडू केवढे चिडले! घरी ओकायला लावायचं नाही, वस्तू वर येताना घशात अडकते. तेल नाही, खाणं नाही, तडक इकडे आणायचं. मग त्यांनी विचारलं, काय गिळलंय? मी म्हटलं, दाणे खाल्लेलं मक्याचं कणीस. ते एक्स-रे बघत म्हणाले, "कणीस अंधुक तरी दिसलं असतं. कापड मात्र यात दिसत नाही. मोजा वगैरे?" तुम्ही हसलात, "अहो, मोजा तर त्याने केव्हाच खाल्लाय, सहा महिने झाले!" तो एव्हाना पडून गेला असता, असं म्हणून त्यांनी सलाईन लावलं आणि उद्यापर्यंत वाट बघू म्हणाले. मी त्याच्या पाठीवर हात फिरवत राहिले. त्याने एकदा माझ्याकडे पाहिलं.

दुसऱ्या दिवशी तुमची बस गुटूकडे निघाली आणि मी तिथूनच टॅक्सी करून दवाखान्यात गेले. म्हटलं, मोजा आहे, सोमवारी गिळलाय. त्यांनी लगेच ऑपरेशनला घेतलं. संध्याकाळी हात पुसत म्हणाले, "कुत्र्याला बोलता येत नाही, बाई. त्याच्या वतीने तुम्ही बोलायचं असतं. काल सांगितलं असतंत तर वीतभर आतडं वाचलं असतं." मला रडूही आलं नाही.

वन्सं, तो मोजा माझ्या उशीच्या खोळीत होता. टाच मीच रफू केली होती. धुतला नव्हता. रोज थोडा वेळ नाकाशी धरायची आणि परत आत सरकवायची. सोमवारी खोळ धुवायला काढली, मोजा पलंगावर राहिला, आणि मी साबण घेऊन येईपर्यंत संपलं होतं सगळं. त्याला मारायला हात उचलला होता मी. मग वाटलं, त्याला तरी दुसरं काय हवं होतं? तोही हे गेल्यापासून दाराकडेच तोंड करून झोपतो.

डॉक्टरांनी मोजा पिशवीत घालून दिला. दोनदा उकळून धुतला. आता त्याला ह्यांचा वास नाही, औषधाचा आहे. पत्रासोबत पाठवतेय. वडीलधाऱ्यांना सांगायचं असेल तर सांगा, मी नाही म्हणणार नाही. लपवण्याची ताकद आता उरली नाही, आणि माझ्या लपवण्यापायी मुचानेता मरता मरता राहिला. भावजींकडे द्या, किंवा तुम्हीच ठेवा. त्या दिवशी चटईवरून तुम्ही विचारलं होतंत, दुसरा कुठंय. हा बघा, इथे होता.

तुमचीच,
न्याराद्झाई