मासे मला ओळखतात

३ मार्च, सोमवार

आले! आले! मासे आले!

पहाटे बांधावर गेलो तर पाइपातून पाणी पडतं त्या कोपऱ्यात सगळी पलटण वर! तोंडं उघडी, माझ्याकडे बघून 'आ, आ' करतायत. सासरेबुवा गुडघ्याच्या ऑपरेशनला जाताना गाडीच्या खिडकीतून बजावून गेले होते — "जावईबापू, मासे ज्याच्या पावलांना वर येतात, त्याचं तळं. तुमच्या पावलांना आले तर तळ्याच्या फाटकाची किल्ली तुमची. नाही आले तर विकून मोकळा होतो."

म्हणजे आपण पास! फोटो स्टुडिओ बंद पडल्यापासून मी कशातच पास झालो नव्हतो. तळं गेलं असतं तर आम्ही दोघांनी करायचं काय, हा विचार महिनाभर डोकं खात होता.

बायकोला हलवून उठवलं. "भूक लागली असेल त्यांना," म्हणाली आणि कूस बदलली. कौतुक म्हणून नाही!

५ मार्च, बुधवार

आजही आले. कालच्यापेक्षा जास्त.

सासरेबुवांचा हा खेळ सगळ्या नातेवाइकांना पाठ आहे. पाहुणा मुक्कामाला आला की पहाटे त्याचं पांघरूण ओढायचं, बांधावर न्यायचं आणि पाय आपटायचा. मासे हजर! पाहुणा टाळ्या वाजवणार, सासरेबुवा मिशीत हसणार. मी लग्नाचं बोलायला आलो तेव्हा मलाही उठवलं होतं. आधी मासे दाखवले, मुलगी नंतर. हा कार्यक्रम दिवसा का नसतो, असं कुणी कधी विचारलं नाही. त्या वेळी निम्मी झोप डोळ्यांत असते, विचारणार कोण!

७ मार्च, शुक्रवार

माणसाचा चेहरा वाचण्यात माझी हयात गेली. मासा तर सोपा. पाइपाच्या खांबाला अंग घासतात — लाडात आलेत. गाल फुगवून बघतात — हसतात. आणि खाणं किती शिस्तीत! झुंबड नाही, ओरबाडणं नाही, चार दाणे टिपतात आणि बाकीचे तरंगत ठेवतात. संकोच असावा. मी दुप्पट खाद्य टाकायला लागलोय. आग्रह केल्याशिवाय कोण खातं?

फक्त म्हातारी येत नाही. म्हातारी म्हणजे तळ्यातली सगळ्यात मोठी, शेपूट फाटलेली मासोळी, सासरेबुवांची लाडकी. खालून एक गोल चक्कर मारते आणि निघून जाते. गर्विष्ठ कुठली!

८ मार्च, शनिवार

फोटो काढला. सगळे एकसाथ हसतायत! सासरेबुवांना पाठवला. उत्तर — "वा! पण म्हातारी कुठाय? ती सगळ्यांत पुढे असते."

दुसरी प्रत चौकटीत घालून भिंतीवर लावली.

११ मार्च, मंगळवार

आज एक मासा चक्क उताणा झाला आणि मला पोट दाखवायला लागला. इतका विश्वास! मी बांधावर पालथा पडलो, हात लांब केला, गुदगुल्या केल्या. बराच वेळ केल्या.

मागे बायको उभी होती. "अहो," ती हळूच म्हणाली, "तो मेलाय."

१२ मार्च, बुधवार

आणखी मेले. बायकोने मला न विचारता माशांच्या डॉक्टरीणबाईंना बोलावलं. बाई आल्या, भिंतीवरच्या फोटोपुढे थबकल्या.

"हे असे किती दिवस आहेत?"

"हसरे? दहा-एक दिवस झाले," मी म्हणालो.

"हसत नाहीयेत हो. गुदमरतायत."

त्यांनी एका माशाचे कल्ले उघडून दाखवले. लाल असायला हवेत ते फिक्कट आणि चिकट शेंबडाने भरलेले! त्यातला कणभर काचेवर घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि मला म्हणाल्या, "बघा." बघितलं. बारीक बारीक कृमी वळवळत होते. एका टोकाला आकडे, त्यांनी कल्ल्याला गच्च धरलेलं. दुसऱ्या टोकाला चार डोळे. चारही माझ्याकडे!

माशाचा श्वास कल्ल्यांतून चालतो. तिथेच ही मंडळी बिऱ्हाड करून बसली की पाण्यातला प्राणवायू पुरत नाही. पहाटे तर पाण्यात तो सगळ्यात कमी असतो, म्हणून मासे पहाटे वर येतात, नव्या पाण्याच्या धारेशी गर्दी करतात. अंग घासतात ते खाज सुटते म्हणून. खात नाहीत ते जीव नको झालेला असतो म्हणून.

"आणि तरंगणारं खाद्य?"

"संकोच," मी पुटपुटलो.

"ते कुजून पाणी आणखी बिघडलंय. कुणी टाकलं एवढं?"

बायको छताकडे बघत होती.

१३ मार्च, गुरुवार

फार वाईट वाटतंय. बिचारे जिवाच्या आकांताने तोंड उघडत होते आणि मी म्हणत होतो, जरा डावीकडे बघा!

फोटो भिंतीवरून उतरवला.

१६ मार्च, रविवार

कंबरेचा पार भुगा झालाय. खाद्य बंद. निम्मं पाणी बदललं. पाणी घुसळायला एरिएटर आणला, तो दिवसरात्र घरघरतो. मासे जाळ्याने धरून टबातल्या मिठाच्या पाण्यात बुडवायचे, बाई सांगतील तेवढाच वेळ. तळ्यात औषध वेगळं. एका माशाने शेपटीने माझ्या थोबाडीत मारली. ती मला बसायलाच हवी होती.

२२ मार्च, शनिवार

औषधाचा दुसरा हप्ता. कृमी मरतात, पण त्यांची अंडी औषधाला दाद देत नाहीत. ती फुटून पिल्लं बाहेर आली की पुन्हा औषध.

आज थोडंसं खाद्य टाकून बघितलं. काय झुंबड! मी नखशिखांत भिजलो. शिस्त गेली एकदाची!

२५ मार्च, मंगळवार

पहाटे बांधावर गेलो. एकही मासा वर नाही! बाईंनी चार-पाच मासे तपासले. कल्ले लाल! मी त्यांच्यासमोरच नाचलो.

नाचता नाचता थांबलो. रविवारी सासरेबुवा येतायत. मासे वर आले तर किल्ली. आणि बरे झालेले मासे वर येत नाहीत!

शिवाय बाई जाता जाता सहज बोलून गेल्या, "दुखणं जुनं दिसतं. थोडंथोडं बरीच वर्षं असणार." बरीच वर्षं! म्हणजे ते पाय आपटणं, त्या टाळ्या...

"हे त्यांना सांगणार कोण?" मी विचारलं.

"सासरे तुमचे," बायको म्हणाली.

"वडील तुझे!"

३० मार्च, रविवार

सासरेबुवा काल संध्याकाळीच आले. हातात नवी काठी. पहाटे पांघरुणं ओढली. "चला जावईबापू, बघू तुमची पावलं."

मी चाललो. काही नाही. मग ते स्वतः पुढे झाले, ऑपरेशन न झालेला पाय आपटला. पाणी ढिम्म. परत आपटला. काठी आपटली. "येतील," म्हणाले. आवाज अगदी लहान झाला होता. माझ्या खिशात मूठभर खाद्य तयार होतं. हळूच मागून टाकलं असतं की सगळे वर! त्यांची इज्जतही राहिली असती आणि किल्लीही मिळाली असती.

नाही टाकलं. का कोण जाणे. ते चार डोळे आठवले. सगळं सांगून टाकलं.

त्यांनी काठी बांधावर आडवी ठेवली. मग म्हणाले, "म्हणजे ते तडफडत होते, आणि मी टाळ्या घेत होतो?"

चहासुद्धा घेतला नाही. बायको रडली. मीही.

३१ मार्च, सोमवार

पहाटे खिडकीतून बघितलं. सासरेबुवा एकटेच बांधावर. पाय आपटला. वाट बघितली. पुन्हा आपटला. मग घरात आले आणि माझ्या बशीत किल्ली ठेवली.

"एकही आला नाही," म्हणाले. "शाब्बास!"

२ एप्रिल, बुधवार

म्हातारी वर आली!! एकटी. सासरेबुवा बांधावर नुसते बसले होते, पायसुद्धा आपटला नव्हता. दुखणं परत आलं की काय! धावत जाऊन डॉक्टरीणबाईंना आणलं. म्हातारीला जाळ्यात घेतलं, कल्ले उघडले — लालबुंद, स्वच्छ! बाईंनी दोनदा बघितलं.

"हिला काहीच झालेलं नाही," त्या म्हणाल्या. "मग ही वर कशाला आली?"

आता त्या मला विचारतायत!