दादाच्या कागदी घरावरचं नाव

बुधवार, २९ ऑगस्ट २००१

सकाळी दहा वाजून चाळीस मिनिटं. वेळ मुद्दाम लिहून ठेवते. म्हातारीला नीट आठवत नाही असं उद्या कुणी म्हणायला नको. टेकडीवरच्या देवळात, डावीकडच्या मांडवात, दुसऱ्या रांगेत दादाचं घर उभं होतं. आणि दारावरच्या पिवळ्या पट्टीवर लिहिलं होतं — मियागावा!

कोण मियागावा? आमच्या घरात या नावाचं कुणी जन्मलं नाही. दादा चेन होता, चीनमधल्या फूचिंगच्या चेनांचा थोरला. वडील पाठीवर कापडाचं गाठोडं घेऊन इथे जपानच्या डोंगरांत दारोदार हिंडले ते चेन म्हणून. गावातली पोरं मागून दगड मारायची, तेही चेनलाच.

घर बाकी देखणं झालंय, खोटं कशाला बोलू. दोन मजले, लाल खांब, हिरव्या कागदाची कौलं, दाराशी दोन कागदी रखवालदार. वर्षभरात गेलेल्या प्रत्येकाचं एकेक घर आहे. सोमवारी संध्याकाळी सगळी एकदम पेटवायची, म्हणजे ती तिकडे पोहोचतात. पट्टीवर ज्याचं नाव, घर त्याचं. एकदा जळलं की जळलं. मग दुरुस्ती नाही.

देवळाच्या समितीचा सचिव वेङ तिथेच खुर्च्या मांडत होता. आमच्याच गल्लीतला पोरगा, आता टक्कल पडलंय.

“मावशी, वहिनींनी सांगितलं तेच लिहिलं.”

“तू त्याला ओळखत नव्हतास? सायकल कुणी शिकवली तुला?”

“ओळखत होतो हो. पण नाव बायको सांगेल ते. बहिणीचं नाही चालत.”

बहिणीचं चालत नाही! मी विचारलं, लेखी तक्रार कुणाच्या नावे द्यायची? तर हसला. “देवळात कसली लेखी तक्रार, मावशी? बोललात, झालं. चहा घ्या.”

त्याचा चहा त्यानेच प्यावा!

गुरुवार, ३० ऑगस्ट

तक्रार टाइप केली. शाळेत सिस्टर आग्नेसनी शिकवलं तसंच — तारीख, विषय, मुद्दे, सही. जहाज कंपनीत जन्मभर अशीच पत्रं केली, एकही परत आलं नाही. मुद्दा पहिला : मयताचं खरं आडनाव चेन. दुसरा : १९७२ साली त्याने जपानी नागरिकत्व घेतलं आणि मियागावा झाला, तो केवळ मुलाला नोकरी लागावी म्हणून. तिसरा : सबब पट्टी बदलावी. वेङच्या हातात दिली, पोच घेतली. त्याने पत्र वाचलं आणि म्हणाला, “हे असं लिहायलाच हवं होतं का?” मी म्हटलं, हवंच होतं.

बाहत्तरचं ते वर्ष! जपानने बीजिंगशी हात मिळवले आणि आमच्या घराघरांत भांडणं लागली. बीजिंगचा पासपोर्ट घ्यायचा, जुन्या चिनी सरकारचा ठेवायचा, की दोन्ही सोडून जपानी व्हायचं? दादा जपानी झाला. मी नाही. मी परदेशी म्हणून वॉर्ड ऑफिसात जाऊन ठशासाठी बोट शाईत बुडवत राहिले, चोरासारखी. नव्या वर्षाचं कार्ड त्याला दर वेळी चेन नावानेच पाठवलं. पोस्टमन बिचारा शहाणा होता, बरोबर पोहोचवायचा.

कागद जाळून कुणाला घर मिळत नाही, हे नन्सनी मला पक्कं शिकवलंय. मान्य. पण मग मी पत्र कशाला टाइप केलं? वडील पंचेचाळीसच्या बाँबहल्ल्यात गेले. तेव्हा मांडव नव्हता, कागद नव्हता, शहरच नव्हतं. दादाने जुन्या कॅलेंडरच्या पाठीवर पेन्सिलीने घर काढलं आणि आईने ते बादलीत जाळलं. पुढे कित्येक वर्षं पाऊस जोराचा लागला की दादा विचारायचा, “वानयिन, त्या घराला मी छप्पर नीट काढलं होतं ना?”

आता त्याचंच घर भलत्याच्या नावाने जाणार. तिकडे दारात उभा राहील आणि रखवालदार म्हणतील, हे तुझं नव्हे.

शुक्रवार, ३१ ऑगस्ट

उत्तर नाही. दोनदा फोन केला. “बैठक चालू आहे.” माझ्या पत्रावर बैठक! चला, कुणीतरी मनावर घेतलं. तरी आज स्वयंपाक केला नाही.

शनिवार, १ सप्टेंबर

शेवटी वहिनीकडे गेले. अंत्यविधीनंतर पहिल्यांदाच.

मित्सुएने पंखा माझ्याकडे वळवला, बार्लीचा गार चहा ठेवला, गुडघे टेकून समोर बसली. तिचा हा नम्रपणा मला कधी सोसला नाही.

मी सरळ म्हटलं, “पट्टी बदलून घे. तुझ्या तोंडच्या एका शब्दाने होईल.”

“नाही ताई.”

“त्याचं नाव पुसतेस तू.”

“मी? नाव त्यांनी निवडलं. टेलिफोनची डिरेक्टरी घेऊन अख्खा रविवार बसले होते. एकेक मोठ्याने वाचायचे आणि मला विचारायचे, हे शोभतं का गं? मी कंटाळून म्हटलं, काहीही घ्या. तर रागावले.”

हे मला ठाऊक नव्हतं. मला वाटायचं, सरकारी कारकुनाने चिकटवलं असेल.

मग ती अगदी हळू आवाजात म्हणाली, “तुमच्या ऑफिसात फोन लावला की ‘मिस बर्नाडेट आहेत, देते’ असं ऐकू यायचं. नन्सनी दिलेलं ना ते? तेव्हा चेनांचं काय बिघडलं नाही?”

“ते निराळं.”

“कसं निराळं?”

साठ वर्षं मी कुणाला शेवटचं बोलू दिलं नाही. आज चहा संपवला.

निघताना ती दारापर्यंत आली. “शेवटी शेवटी माझ्या हाकेला ओ देत नव्हते. नर्स ‘मियागावासान’ म्हणाली की डोळे उघडायचे. तुम्ही हाक माराल तर चेन म्हणूनही वळतील हो ते, मला माहीत आहे. पण नातवाने आजोबांचं घर कुठल्या नावाने शोधायचं?”

मी म्हटलं, “मी तक्रार मागे घेणार नाही.”

“कसली तक्रार?” तिने विचारलं. तिला कुणी सांगितलंच नव्हतं!

रविवार, २ सप्टेंबर

घडलं तसं क्रमाने लिहिते.

सकाळी देवळात गेले. मंत्र चालू होते, टेबलांवर तांदळाच्या शेवया, तळलेलं टोफू, फळांचे ढीग. दुसऱ्या रांगेत जागा मोकळी! आजूबाजूची घरं जशीच्या तशी, आणि मध्ये पडलेल्या दातासारखी फट. मित्सुए तिथेच उभी होती, हातात झाकलेला डबा. माझ्याकडे बघितलं सुद्धा नाही.

वेङला मागच्या खोलीत गाठलं.

“घर कुठे आहे?”

“फाडलेलं नाही मावशी, शपथ. इथेच आहे, चादरीखाली. समितीने काढायला लावलं.”

“का?”

“नियम आहे. घर फक्त देवळाच्या सभासदाचं. आणि चिनी नागरिकत्व सोडलं की सभासदत्व गेलं. पन्नास साली लिहिलाय कुणीतरी.”

मी ओरडले, “अरे, मग त्या रांगेतले अर्धेअधिक जपानी झालेले आहेत! तू स्वतः झालायस!”

“झालोय ना!” तोही ओरडला. “सगळ्यांना सगळं माहीत आहे. म्हणून तर आम्ही कुणी काही लिहीत नाही! तुम्ही लिहिलंत. साल टाकून, सही करून, वर पोच मागून. लेखी आलं की समितीपुढे ठेवावं लागतं, मावशी. अध्यक्ष म्हणाले, आता कानावर आलंच आहे, तर चालवून घेता येणार नाही.”

मी चादर उचलून पाहिली. कौलं एका कोपऱ्यात दबली होती. पट्टी तशीच होती.

“उद्या संध्याकाळी काय होणार याचं?”

त्याने चादर परत ओढली.

बाहेर आले तर मित्सुए पायरीवर बसलेली. तिला सगळं सांगितलं, माझ्या पत्रातल्या दुसऱ्या मुद्द्यासकट. वाटलं, आता ही मला बोल लावेल. तिने डबा उघडून माझ्यापुढे धरला. “खा. तुम्ही दोन दिवस जेवलेल्या दिसत नाही. आणि मग सांगा, त्या समितीला कसं लिहायचं असतं. मला लिहिता येत नाही असलं.”

सोमवार, ३ सप्टेंबर, सकाळी

मित्सुए शेजारी बसली आहे. पत्र वेङच्या हाती दिलं, पोच घेतली. नक्कल —

“समितीस. दिवंगत मियागावा यांचे घर आज दुपारी तीनच्या आत दुसऱ्या रांगेत परत ठेवावे. पट्टीवरचे नाव आहे तेच राहावे. दि. ३० ऑगस्टची तक्रार मी मागे घेत आहे. नकार द्यायचा असेल, तर रांगेतल्या प्रत्येक घराबद्दल तो नागरिकत्वाच्या याच नियमाने द्यावा. होय किंवा नाही, तीन वाजण्यापूर्वी लेखी कळवावे. उत्तर मिळेपर्यंत आम्ही दोघी मांडवाच्या दारात बसून आहोत.

मियागावा मित्सुए, पत्नी.
चेन वानयिन, मियागावा यांची बहीण.”